सातवा रकाना

ब्रिहिदाने अर्ज पुढे सरकवला,
आणि पेन, टोपण चावून चपटं झालेलं.
मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस गळे एकदम सुटले होते.
मी वाचत गेलो, सावकाश.
घर स्वतःचं? हो.
कुंपण? कमरेएवढं.
"वाढवा. हे शिकारी गाल्गो. कमरेएवढं म्हणजे त्यांना उंबरा."
वय? एकाहत्तर.
तुमच्यानंतर कोण सांभाळेल?
मी हसलो. ती हसली नाही.
"त्या माणसाची सही इथे. फोन नंबरासकट."
सातवा रकाना: आधी कुत्रा होता का?
त्याचं पुढे काय झालं?

होता, एवढं लिहिलं.
पुढच्यासाठी बोटभर जागा होती.
ती कोरी ठेवली.

मला पिल्लू हवं होतं.
तिने माझ्यादेखत बोटांवर हिशेब केला, न लाजता:
"पिल्लू चौदा वर्षं जगतं, एउलोहिओ."
आणि शेवटच्या पिंजऱ्यातून ब्रुमाला आणलं.
नऊ वर्षांची, धुक्याच्या रंगाची,
दोनदा नेलेली, दोनदा परत आलेली.
एकदा नव्या सोफ्यापायी, एकदा नव्या बाळापायी.
मला राग आला. म्हाताऱ्याच्या गळ्यात म्हातारी!
तरी भाची निएवेस कासेरेसहून आली,
सही करून गेली.

पहिले अकरा दिवस ब्रुमा न्हाणीघरात राहिली.
जिना तिला ठाऊक नव्हता. आरसाही.
काचेच्या दारावर आपटली
आणि दाराचीच माफी मागितल्यासारखी बसली.
मी झाडू उचलला, नुसता केर काढायला,
तर ती फरशीत शिरायला बघू लागली.
कुणी काय केलं असेल, तिला विचारायची सोय नव्हती.
मला विचारायची गरजही नव्हती.

बाराव्या रात्री थंडी पडली.
दगडी फरशीवर नखं वाजली, थांबली, वाजली,
आणि खाटेवरून लोंबणाऱ्या माझ्या तळहातावर
गार, ओलं नाक टेकलं,
कुणी हलकेच नाणं ठेवावं तसं.
सकाळपर्यंत हात हलवला नाही.
खांदा दोन दिवस धरून होता.

बारमध्ये फुलहेन्सिओ म्हणाला, "फुकट मिळाली ना?"
मी त्याला बिल दाखवलं. सात दात काढले,
वाळूमाशीच्या रोगाची गोळी रोज, जन्मभर.
त्याच्या सुनेला आता मुलांसाठी कुत्रा हवाय.
मी म्हटलं, जरूर आणा. माया करतातच सगळे.
आधी एवढंच ठरवा,
ऑगस्टात समुद्रावर जाल, तेव्हा तो कुठे असेल.

मग फेब्रुवारी आला, सशांच्या शिकारीचा हंगाम सरला.
पहाटे रस्त्यावर गाड्या हळू होतात, थांबतात,
दार उघडल्याचा आवाज, दार लागल्याचा आवाज.
ब्रुमा कान टवकारते.
मीही.

लुसेरा तिचं नाव. चव्वेचाळीस वर्षं झाली.
गावात तिच्याएवढं कुणी धावत नसे.
त्या हिवाळ्यात तिचा मागचा पाय गेला.
पुलापाशी मी दार उघडलं, ती शेपूट हलवत उतरली.
तिला वाटलं, ससा आहे.
मी गिअर टाकला.
लंगडत लंगडत
दुसऱ्या वळणापर्यंत तिने गाडीला सोडलं नाही.

सोमवारी मी ब्रिहिदाकडे गेलो, माझा अर्ज मागितला.
ती ओळ पुरली नाही. कागद उलटा करून लिहिलं.
तिने वाचलं, घडी केली,
खणात टाकलं, खण लावला.
बराच वेळ शेडमधलेच बोलत होते.
मग म्हणाली, "शनिवारी पिंजरे धुवायला माणूस कमी आहे.
नऊला या. झाडू आणू नका,
इथे सगळं पाइपने धुतो."

बाहेर ब्रुमा गाडीत बसली होती, काचेला नाक लावून.
वाटेत कुठेही दार उघडलं
तरी ती अजून उतरत नाही.
मी आग्रह करत नाही.
घर आलं की उतरते.