तेरा नंबरचा पाना

बापाने कुताईसीच्या बाजारातून दांडा आणला
जुन्या चादरीत गुंडाळून, काखेत धरून,
बंदूक आणावी तसा.
बसमधल्या बायका जरा सरकून बसल्या म्हणे.

कारण एवढंच, की नोव्हेंबरात मी सहज बोलले होते:
उत्सेराच्या खालच्या वळणावर
गाडी माझं ऐकते, पण उशिरा ऐकते.
मी स्टिअरिंग फिरवते, आणि मग क्षणभर
तिचं पुढचं धूड विचारात पडतं.
तेव्हा तो काही बोलला नाही.
ताटातले पावाचे कण बोटाने टिपत राहिला.

गाडी एक्क्याण्णवची. लाडा समारा.
कारखान्यातून निघाली तेव्हा ज्या देशाची होती
तो देश त्याच डिसेंबरात संपला. गाडी राहिली.
तीनदा रंगवली, एकदा पुरात रात्रभर उभी होती.
आता तिच्यातून मी इन्सुलिन, रक्तदाबाचं यंत्र
आणि डॉक्टरांची बोलणी
चौदा खेड्यांत पोचवते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बॉनेट उघडलं.
त्याचा टेकू मोडलेला, म्हणून द्राक्षमांडवाची काठी लावली.
"बघ," तो म्हणाला, आणि दोन्ही बाजूंच्या
पत्र्याच्या उंचवट्यांवर थाप मारली,
बैल घेताना वशिंडावर मारतात तशी.
"चाकाचा सगळा मार इथे येतो.
वळणावर हे दोघं एकमेकांपासून फाकतात. केसभर.
इथे केसभर, म्हणजे रस्त्यावर हातभर."
तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय.
फक्त नकाशा टांगायचा राहिला होता.

सहा नट. तेरा नंबरचा पाना.
पाच निघाले.
सहावा गंजून पत्र्याशी एकजीव झालेला.
त्याला तेल पाजलं, ठोकलं, त्याच्या सात पिढ्या काढल्या,
तेव्हा सुटला, आणि जाताना
बापाच्या दोन बोटांची सालं घेऊन गेला.

मग दांडा बसेना.
चार मिलिमीटर तोकडा.
"रस्त्यांनी रुंद केली हिला," तो म्हणाला,
आणि कानस शोधायला गेला.
मी एकटी. दांडा निळा.
मधोमध कुणीतरी खिळ्याने कोरलेलं नाव: ओतार.
कुणाची गाडी, तिचं काय झालं,
जुन्या बाजारातल्या वस्तूंना हे विचारायचं नसतं.

अंधार पडेपर्यंत भोकं घासली.
बर्फावर लोखंडाचा भुगा,
चष्म्यावर भुगा, मिशीत भुगा.
मग एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
"एक वेढा तू, एक मी. घाई नको."
असं दोन टोकांना धरून
आम्ही शेवटचं काय उचललं होतं
ते दोघांनाही आठवलं.
त्याने नाक ओढलं. "थंडी आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वळण झालं, मी परतले,
तो फाटकातच उभा.
"फरक?"
"खूप."
पडलाच नव्हता असं नाही.

चार दिवसांनी गोचा पंक्चरवाला
डाव्या चाकावर मीटर लावून हसला.
"निम्मीच हवा आहे, बाई. कधीपासून?"
मी मनात महिने मोजले.
हवा भरली, पैसे दिले,
आणि घरी बोलणार नाहीस अशी
त्याच्या मुलीची शपथ घालून निघाले.

आता गाडी पहिल्या हाकेला वळते.
हवेमुळे की दांड्यामुळे, कोण जाणे.
डॅशबोर्डमध्ये काहीतरी नव्याने कुरकुरतं
आणि दर दगड थेट मणक्यात पोचतो.

शनिवारी बाप पाना घेऊन येतो,
सहाही नट तपासतो.
पाव वेढासुद्धा फिरत नाहीत, तरी तपासतो,
सहाव्यापाशी जरा थांबतो.
तोवर मी बॉनेट धरून उभी.
नवा टेकू कुताईसीत मिळतो, स्वस्तात.
मी आणत नाही.
काठी तिथेच असते, भिंतीला टेकलेली.