चालू मोड

इसाफ्योर्दुरला सूर्य डोंगरावर यायला
अजून चार दिवस आहेत. तो आला की कॉफी आणि पॅनकेक.
तोवर दिवे, आणि दिव्याखाली स्टेनव्हर,
बुडालेल्या खलाशांचं पुस्तक छपाईला लावणारी.

एकेक नाव तीनदा येतं :
अनुक्रमणिकेत, मजकुरात, शेवटी सूचीत.
तीन मोड, तीन टेम्प्लेटं,
आणि तिन्हींत जवळपास तेच.
एकात दुरुस्त केलं की दुसऱ्यात राहून जातं.
(आपल्याकडे मोड मटकीला येतात,
किंवा वाण्याकडे शंभराच्या नोटेचे मागतात.
हे वेगळे.)

सूचीचं टेम्प्लेट परमुलखातून आलेलं.
ते नाव उलटं करतं : आडनाव, स्वल्पविराम, मग माणूस.
इथे आडनाव बहुतेकांना नसतंच.
टेलिफोनच्या यादीतही माणूस
स्वतःच्याच नावाखाली सापडतो,
मागे उभा असतो तो बाप.

काल म्हातारा केटिल कच्ची प्रत बघायला आला,
शहाऐंशीचा, बोटांना अजून जाळ्याचे घट्टे.
शेवटची पानं त्याने भिंगाखाली धरली.
केटिल्सन, ओग्मुंदुर.
बोट पहिल्याच शब्दावर अडलं.
'म्हणजे मीच बुडालो की,' म्हणाला
आणि हसला, आणि मग हसला नाही.
स्टेनव्हर गप्प. तीही केटिल्सदोत्तिर.

आज तिने दोन टेम्प्लेटं खोडून टाकली.
उरलेल्या एकाच्या कपाळावर
तिन्ही मोडांची नावं लिहिली,
मधे नुसती मोकळी जागा.
आत इतकंच : नाव जसं आहे तसं.
आणि नावाच्या पोटात जे असेल, होडी, साल, तळटीप,
त्याला पुढे धाडताना बजावलं,
ज्या मोडमध्ये आलास त्याच मोडमध्ये जा.
तळटीप अनुक्रमणिकेत गळेल, मजकुरात टिकेल,
ते पुढचं पुढे.

चालवून पाहिलं. तिन्हीकडे एकच ओग्मुंदुर.
फक्त सूचीत 'क'च्या गर्दीतून तो उठला
आणि पार तळाला जाऊन बसला,
कारण त्याच्या 'ओ'वर दोन टिंबं आहेत
आणि तो 'ओ' इथल्या वर्णमालेत सगळ्यांत शेवटी.
त्याच्याखाली कोरा कागद.

तिने बापाला फोन लावला.
'कुठे आहे मग तो?'
'सगळ्यांत शेवटी.'
पलीकडे किटलीचा आवाज बराच वेळ.
'तसाच होता,' म्हणाला. 'जेवायलासुद्धा.'