सिमियनच्या फाटकावर

परदेशी, रहिवासी, देशी.
मोटार वेगळी, खेचर वेगळं,
बंदूकवाला सोबती सक्तीचा, त्याचे रोजचे बिर वेगळे.
कार्बन पेपर परवाच संपला,
वर्कनेश प्रत्येक पावती दोनदा लिहिते.

तारीख वाचून पाहुणे हसतात :
इथिओपियात साल सात वर्षं मागे चालतं.
"तरुण झालो की!"
पावतीचाच फोटो काढतात.

आज रांगेत म्हातारा येशाव.
वरचं गाव उठवलं तेव्हा
दाराची चौकट पाठीवर घेऊन उतरला होता.
नव्या घराला ती बसली नाही,
भिंतीला टेकवून ठेवलीय.

"किती दिवस?"
"सांजेला परततो."
"कारण?"
तो डोंगराकडे बघतो, मग तिच्या पेनाकडे.
"आईच्या थडग्यावरचे दगड
गेलाडा माकडं मुळं उकरताना ढकलतात.
रचून येतो."

रकान्यात एवढी जागा नाही.
मावेल ते ती लिहिते, दोनदा :
निसर्गदर्शन.

पैसे मोजून घेते. घ्यावेच लागतात.

घडी घातलेली पावती तो गाबीच्या पदरात बांधतो
आणि फाटकाकडे न वळता
कचेरीमागच्या जुन्या पायवाटेनं
चढू लागतो,
पैसे भरून.