उलट्या हातानं

तिसऱ्यांदा ढकलून चालू झाली
तेव्हा कळंब्याहून थेट उद्यमनगरात आणली झेन.
बॅटरी नवी. पावती खिशात.
डायनॅमो देतोय चौदा पॉइंट एक,
तरी दोन रात्री उभी राहिली की
किल्ली फिरवल्यावर नुसतं टक्.
आजारी माणसानं
जेवणाचं विचारल्यावर जीभ वाजवावी, तसं.

मौला नदाफनं दाराचं बटण चिकटपट्टीनं दाबून टाकलं,
गाडीला वाटावं, दार लागलंय.
काळी तार सोडवून मधे मीटर जोडला.
"आता हात लावायचा न्हाई.
झोपू दे तिला."

समोर लेथवर कुणीतरी बुश कातत होतं,
चहावर लोखंडाची साय.
मीटरवर चारशे दहा.
"वीस-तीस चालतंय," मौला म्हणाला,
"घड्याळाच्या पोटाला तेवढं लागतंय.
ह्ये चारशे कोण खातंय?"

एकेक फ्यूज उपटत गेला.
टेप: चारशे दहा.
हॉर्न, वायपर, छताचा दिवा: चारशे दहा.
शेवटी सगळे फ्यूज त्याच्या तळहातावर,
लाल निळे पिवळे, लिमलेटच्या गोळ्यांसारखे,
आणि आकडा जागचा हलत नाही.

मग मीटर तिथंच ठेवून
तो उताणा डॅशबोर्डखाली शिरला.
पाय बाहेर, एक चप्पल निसटलेली.
तारांच्या गुंत्यात उलटा हात फिरवत राहिला,
पोराच्या कपाळावर फिरवतात तसा.
"ह्यो बघा. ताप ह्याला हाय."

काळा डबा. चोराचा अलार्म.
गुजरीच्या तोंडाशी टेप चोरीला गेला त्या वर्षी
अप्पांनी बसवून घेतलेला.
मांजर बॉनेटवर उडी मारायचं, रात्री तीनला बोंब,
म्हणून आईनं भोंगा काढायला लावला.
लाल दिवा कधी गेला कुणाला माहीत नाही.
अप्पा जाऊन नऊ वर्षं.
त्यांनीच सांगून तार थेट बॅटरीवरून घेतली होती:
चोरानं फ्यूज काढला, तरी हा जागा पाहिजे.

"तोडू?"
म्हटलं, थांब.
वाकून हात आत घातला.
डबा गरम होता, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या
उशीइतका.

"तोड."

पक्कड वाजली. मीटर अठरावर आला आणि
अठरावरच राहिला.
मौलानं तारेच्या टोकाला टेप गुंडाळला, दीडशे घेतले,
म्हणाला, घड्याळ तेवढं लावून घ्या, बारा दाखवतंय.

संभाजीनगर स्टँडपर्यंत डबा मांडीवर होता.
घड्याळ अजून बारावरच.
सिग्नलला हात लावून बघितला,
आधी उलटा,
मग सुलटा.