हरकती व सूचना

सहलींचे नियम बदलणार आहेत म्हणे,
सरकारनं हरकती मागवल्यात, सूचनाही.
तर लिहून घ्या.
मी अंबूबाई गाजूल, साखर पेठ, सोलापूर.

हजार विड्या वळल्या की माझा एक दिवस होतो.
असे किती दिवस नैनितालला गेले,
ते अर्जात कुठल्या रकान्यात भरू?

पत्रकावर तळं होतं.
खोलीच्या खिडकीत भिंत निघाली,
भिंतीवर टाकी, तीही गळकी.
‘पाणी दिसतंय की, मावशी,’ मॅनेजर म्हणाला.
माझी जाऊ भूदेवी पोट धरून हसली.
हसण्याचे तेवढे पैसे लागले नाहीत,
बाकी चहापासून सगळ्याचे लागले.

‘अटी लागू’
हे विडीच्या दोऱ्याहून बारीक छापलेलं.

आमच्याकडे एक विडी ढिली निघाली
तर कारखानदार अख्खा जुडा छाटतो,
डोळ्यांदेखत.
तुमची सहल कोण तपासतं, साहेब?

परतलो तर नवी पेठेतल्या त्यांच्या ऑफिसला कुलूप.
काचेतून दिसायचं,
आत पंखा तसाच फिरत होता.

आता ग्राहक आयोगात तारखा पडतात.
तारखेला गेले की सूप घरी पालथं.
त्या दिवसाच्या हजार विड्या
कुठल्या नुकसानीत धरणार?

सूचना एकच.
चित्रात तळं छापलं,
तर खिडकीतून ते दिसलंच पाहिजे.
नाही दिसलं, तर पैसे
त्याच खिडकीत परत.

खाली अंगठा नको. मला लिहिता येतं.
सही तेलुगूत केली
तर चालेल ना?