जांभळा

कोत्क्यात नोव्हेंबरमध्ये दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
तेव्हाच ती आली,
आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी
दोन्ही हातांवर आडवं घेऊन,
पाय जपून टाकत, बर्फावरून.

अन्निकी. बंदरावर क्रेन चालवायची, आता निवृत्त.
टॉवेलात संगणक, शहाऐंशी सालचा.
कळफलकातच सगळं पोट, बाजूला कॅसेटचा कप्पा,
आणि स्पेस-बारवर, डावीकडे,
कुणाच्या तरी अंगठ्यानं झिजवलेली एक गुळगुळीत जागा.
"हा नव्या मॉनिटरला लागेल का?"
"लागेल," मी म्हटलं, "पण दोघांना पटवावं लागेल."

आधी वीज मोजली.
जुने ॲडॉप्टर म्हातारपणी बेताल होतात,
पाचाच्या जागी सात सोडतात, नि चिप जाते.
पाच पूर्णांक एक. ठीक.
मग मागची सहा भोकं चाचपली:
तांबडा, हिरवा, निळा, ताल, जमीन,
सहावं नुसत्या उजेडाचं.

मॉनिटर म्हणाला: सिग्नल नाही.
नाही कसा?
सेकंदाला पन्नास चित्रं येत होती तारेतून,
पण इतक्या खालच्या पट्टीत
की त्याला ती शांतताच वाटली
आणि तो झोपून गेला.

मधे एक पेटी बसवली, काडेपेटीहून जराशी मोठी.
ती एकेक रेघ ऐकते,
क्षणभर तोंडात धरते,
आणि दोनदा म्हणते.
पहिली केबल फुकट गेली. (डाग उलटा पडला होता, माझीच चूक.)
दुसरीला निळा पडदा उगवला,
त्यावर पिवळी अक्षरं: तयार.

कॅसेटवर पेन्सिलीनं लिहिलं होतं:
इल्मो. बोट. हात लावू नये.
"हे माझ्यासाठी होतं," अन्निकी म्हणाली.
सात मिनिटं कॅसेट किरकिरली. आम्ही कॉफी प्यालो.
इल्मो कुठे असतो ते तिनं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
इकडे तशी पद्धत आहे.

मग बोट आली. दीपस्तंभ आला. समुद्र आला.
ती पडद्याजवळ सरकली.
"हा तो नव्हे."
"काय नव्हे?"
"समुद्र. समुद्र जांभळा होता."

मी वाकून पाहिलं. जांभळं काहीच नव्हतं.
एक ठिपका तांबडा, एक निळा, पुन्हा तांबडा,
हातमोज्याच्या विणीसारखे, टाका टाका मोजता येईल असे.
चारच रंग मिळत तेव्हा एका चित्राला.
काळा रात्रीत गेला, पिवळा दिव्यात.
उरलेले दोन त्या सतरा वर्षांच्या पोरानं
शेजारी शेजारी पेरले
आणि पुढचं काम सोपवलं
स्वयंपाकघरातल्या मंद टीव्हीवर.
टीव्हीनं ते वर्षानुवर्षं केलं, बिनबोभाट.

पेटीत चित्र धूसर करायची सोय असते.
ती लावून पाहिली.
ओल्या वर्तमानपत्रासारखं दिसलं सगळं.
"राहू दे," ती म्हणाली. "तुमची चूक नाही."
चूक नव्हतीच. तरी मला वाईट वाटलं,
इतकं लख्ख दाखवल्याचं.

ती थोडा वेळ तशीच बसली.
मग चष्मा काढून टॉवेलावर ठेवला
आणि खुर्ची मागे, जवळजवळ दारापर्यंत नेली.
"आहे," म्हणाली.
मी डोळे बारीक केले, मान तिरकी केली.
मला ठिपकेच दिसले.

कळफलकाची तार लांब होती, बरं झालं.
तो मांडीवर घेऊन ती खेळू लागली.
तिसऱ्या वळणावर बोट खडकावर आपटली.
"ह्याच खडकावर," ती म्हणाली, "दर वेळी,"
आणि न बघता अंगठा टेकवला
डावीकडे,
त्या गुळगुळीत जागी.