खडू

डेक्कनला बसमधून उतरताना
अप्पांच्या पोटरीत काहीतरी टचकन तुटलं.
वय एकाहत्तर. उजवा पाय. मशीनचा पाय.

डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटलाय,
याला टाके घालत नाहीत,
तो आपला आपणच शिवून घेतो.
अप्पा हसले : मग शिंप्यांनी जायचं कुठं?

मी पाषाणला, चौथ्या मजल्यावर,
उंदरांच्या पोटऱ्यांचे काप काचेवर ठेवते.
तंतूच्या कडेला, अंग चोरून,
एक पेशी निजलेली असते. महिनोन् महिने.
फाटलं की उठते,
एकीच्या दोन होते, दोघींच्या चार,
बाकीच्यांना कामाला लावते
आणि एखादीला परत निजवते, पुढच्या वेळेसाठी.

तिला उठवतं कोण?
अक्षरं तर सगळीकडे तीच,
डोळ्यात, यकृतात, नखाच्या मुळाशी,
एकाच गिरणीचा एकच तागा.
फरक खुणांचा.
कुठे मेथिलचा बारीक ठिपका : हे आत्ता वाचायचं नाही.
कुठे रिळावरून सैल सोडलेला दोरा : इथून वाच.

हे सगळं मला इंग्रजीत येतं.
कसब्यातल्या दुकानात, बिनगुंड्यांच्या झब्ब्यांखाली,
मराठीत सांगताना जीभ अडखळली.
अप्पांनी ऐकून घेतलं, पाय स्टुलावर ठेवून.
"म्हणजे खडूच ना गं?
कापड तेच. इथं गळा, इथं काख,
इथं कात्री लावायची नाही.
धुतलं की जातो."
"सगळाच नाही जात," मी म्हणाले.
"कष्टाच्या काही खुणा म्हणे राहतात.
स्नायू विसरत नाही."

वय झालं की ठिपके भलतीकडे पडतात,
निजलेलीला हाक ऐकू जात नाही,
फटीत स्नायूऐवजी चिवट दोरे भरतात,
हे मी बोलले नाही.
ते गुडघ्यावरची सुरकुती चाचपत म्हणाले,
"जुनेऱ्यावर खडू नीट उठत नाही.
ठाऊक आहे मला."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
समोरच्या भांडेवाल्याने शटर ओढलं.

सातव्या आठवड्यात एकदा
लॅबमधून उशिरा परतले, तर
दुकानाच्या फळीखालून उजेड,
आणि खट्... खट्. थांबून, पुन्हा खट्.
वाकून पाहिलं.
सुईत दोरा नव्हता. खाली कापडही नव्हतं.
नुसता पाय चालत होता.